ईसीजी नॉर्मल आला, तरी हृदयाची चौकशी का?

गुडघा बदलायला गोंदिया-चंद्रपूरकडून नागपुरात आलेल्या आजींना भूलतज्ज्ञ विचारतात, "दम लागतो का?" उत्तर येते, "नाही जी, अजिबात नाही." आजी खोटे बोलत नाहीत. गुडघ्यामुळे त्या अंगणापलीकडे चालतच नाहीत, मग दम लागणार कधी? मोठ्या शस्त्रक्रियेत घात करणारा हृदयविकार असाच लपून राहतो.

म्हणून प्रश्न बदलून विचारावा: न थांबता दोन जिने चढता येतात का? एवढ्या श्रमाला बसल्या जागी लागतो त्याच्या साधारण चौपट ऑक्सिजन लागतो. जिने चढणे जमत नसेल, तर "त्रास नाही" या उत्तरावर विसंबू नये. ईसीजी ही पडून घेतलेली १० सेकंदांची नोंद. विश्रांतीतला टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) पंपिंग ६० टक्के, म्हणजे नॉर्मल दाखवतो, तरी हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद असू शकतात. पासष्टीपुढच्या किंवा हृदयविकार माहीत असलेल्या रुग्णात एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी कामी येते. ३०० पिकोग्रॅम प्रति मिलिलीटर किंवा त्याहून जास्त आल्यास जोखीम वाढलेली समजतात.

हृदयाच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. वेदना, रक्तस्राव, ताप यांमुळे ठोके मिनिटाला ७० वरून १२० वर गेले, की हा विसावा जवळपास निम्मा होतो. त्यात रक्तदाब उतरला आणि हिमोग्लोबिनही घटले, तर स्नायूला इजा होते. बहुतेकदा छातीत दुखतच नाही, कारण वेदनाशामके चालू असतात; मधुमेहात तर ती जाणीव आधीच बोथट झालेली असते. त्यामुळे जोखमीच्या रुग्णाचे ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन) शस्त्रक्रियेआधी आणि नंतर २४ व ४८ तासांनी तपासलेले बरे.

झडपेकडे मात्र फार दुर्लक्ष होते. महाधमनीची झडप खूप अरुंद असेल, तर कमरेत दिलेल्या भुलीने रक्तदाब कोसळतो आणि हृदयाला तो सावरता येत नाही. स्टेथोस्कोपने मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आली, तर इको झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

गोळ्यांची पिशवी सोबत न्या. मेटोप्रोलॉल ही ठोके मंदावणारी गोळी चालू असेल तर ती शस्त्रक्रियेच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते; पण त्याच दिवशी नव्याने सुरू करणे धोक्याचे. डॅपाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी ३ दिवस आधी थांबवतात. स्टेंट बसवला असेल तर त्याची तारीख पहिल्याच भेटीत सांगा: तातडीची नसलेली शस्त्रक्रिया सहसा ६ ते १२ महिने पुढे ढकलतात, आणि रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.