महासागराच्या तळाशी वाढणारे धातूंचे गोळे

हिंदी महासागराच्या मध्यभागी, सुमारे पाच हजार मीटर खोलीवर, मऊ गाळाच्या पृष्ठभागावर काळपट गोळे विखुरलेले आहेत. मँगनीज आणि लोहाबरोबरच निकेल, तांबे व कोबाल्टही त्यांत असल्यामुळे त्यांना बहुधातू गोळे म्हणतात.

असा गोळा मधोमध कापला, तर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक थर दिसतात आणि केंद्रस्थानी कधी शार्क माशाचा दात, तर कधी ज्वालामुखीच्या खडकाची कपची सापडते. समुद्राच्या पाण्यात विरघळलेले मँगनीज व लोह ऑक्सिजनशी संयोग पावून अतिसूक्ष्म कणांच्या रूपात अशा कठीण वस्तूवर बसतात आणि निकेल, कोबाल्ट यांनाही त्याच थरांत धरून ठेवतात. गाळात रुतलेल्या बाजूला गाळातील पाण्यातूनही धातू मिळतात. म्हणून पुष्कळदा एकाच गोळ्याची वरची बाजू गुळगुळीत, तर खालची खडबडीत असते.

केवळ समुद्राच्या पाण्यातून वाढणाऱ्या गोळ्यावर दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा थर चढतो. सुमारे 14 लाख वर्षांनी निम्मे उरणारे बेरिलियम-10 हे बेरिलियम मूलद्रव्याचे किरणोत्सारी रूप प्रत्येक थरात किती शिल्लक आहे, हे मोजून हा वेग ठरवता येतो. खरे कोडे पुढेच आहे. तितक्याच काळात तळावर काही मीटर गाळ साचतो, तरीही हे गोळे गाडले न जाता वरच राहतात. तळावरचे प्राणी त्यांना हलवत असावेत किंवा प्रवाह त्यांच्यावरचा गाळ वाहून नेत असावेत, अशी स्पष्टीकरणे दिली जातात. सर्व ठिकाणी लागू पडेल असे उत्तर मात्र अद्याप नाही.

26 जानेवारी 1981 रोजी 'गवेषणी' जहाजावरील, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भारतासाठी असे पहिले गोळे वर काढले. आज मध्य हिंदी महासागरातील 75,000 चौरस किलोमीटर क्षेत्रात त्यांच्या शोधाचा हक्क भारताकडे आहे.

या धातूंची गरज खरी आहे. पण खाणकामाचा हिशेब मांडताना वाढीचा हा वेग सर्वांत आधी लक्षात घ्यायला हवा, असे मला ठामपणे वाटते. 1989 मध्ये पेरूजवळच्या खोल समुद्रात शास्त्रज्ञांनी प्रयोगादाखल तळ नांगरून पाहिला. 2015 मध्ये तेथे परत गेल्यावर नांगराचे चर स्पष्ट दिसत होते. स्पंजासारख्या अनेक प्राण्यांना त्या मऊ गाळात चिकटून राहण्यासाठी या गोळ्यांखेरीज कठीण आधार जवळपास मिळतच नाही, आणि नांगरलेल्या पट्ट्यांत अशा प्राण्यांची संख्या तेव्हाही पूर्ववत झालेली नव्हती.