गाडी मिळाली, ड्रायव्हरचे काय?

अमेरिकेतल्या कुठल्याही मध्यम गावात सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास एक पांढरी मिनीबस फिरताना दिसते. तोंड व्हॅनचे, मागे डबा बसवलेला, एका बाजूला रुंद दार आणि त्यात घडी करून उभी ठेवलेली लिफ्ट. अंगावर एखाद्या ज्येष्ठ नागरिक केंद्राचे, चर्चचे किंवा दिव्यांगांच्या संस्थेचे नाव. मुलांकडे न्यू जर्सीला किंवा टेक्सासला राहायला गेलेल्या मराठी आजी-आजोबांनाही अशा गाड्यांचा उपयोग होतो, कारण गाडी चालवता येत नसेल तर तिथे कोथिंबिरीची जुडी आणायलाही कुणाच्या तरी सवडीची वाट पाहावी लागते. ही मिनीबस आली कुठून आणि दुपारी दोननंतर ती बहुधा का मिळत नाही, याची उत्तरे गेल्या पन्नास-साठ वर्षांच्या कायद्यांत आणि जमाखर्चात आहेत. थोडक्यात सांगायचे तर सरकारने गाड्या वाटायला लवकर सुरुवात केली; त्या चालवायला पैसे द्यायला मात्र फार उशीर लावला.

दुसऱ्या महायुद्धानंतर लोक शहराबाहेर बंगल्यांत राहायला गेले, घरोघरी मोटार आली आणि खासगी बस कंपन्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९६५ साली ज्येष्ठांसाठीचा ‘ओल्डर अमेरिकन्स अ‍ॅक्ट’ झाला, त्याच वर्षी मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठी) आणि मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी) या आरोग्ययोजना आल्या. दवाखान्याचे बिल भागले, दुपारच्या जेवणाची केंद्रे निघाली. तिथे पोहोचायचे कसे, हा प्रश्न तसाच राहिला. मिसुरी राज्यातल्या ज्येष्ठांनी १९७१ मध्ये स्वतःच सहकारी तत्त्वावर गाड्या सुरू केल्या. त्यातून ‘ओट्स’ ही संस्था उभी राहिली (ओल्डर अ‍ॅडल्ट्स ट्रान्स्पोर्टेशन सर्व्हिस या नावाची आद्याक्षरे). आज तिच्या गाड्या राज्याच्या ८७ काउंट्यांत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांत, धावतात. न्यू जर्सीच्या हॅडनफील्डमध्ये १९७२ साली केंद्र सरकारच्या पैशातून ‘डायल-अ-राइड’चा प्रयोग झाला: ठरलेला मार्ग नाही, फोन करायचा आणि बस दाराशी यायची. तो सर्वांसाठी होता, केवळ वृद्धांसाठी नाही. पण फोनवर फेरी नोंदवायची आणि तीन-चार जणांच्या फेऱ्या एकात गुंफायच्या, ही पद्धत पुढे या संस्थांच्या कामाचा कणा झाली.

कायद्यात पहिले पाऊल १९७० साली पडले. न्यूयॉर्कचे काँग्रेस सदस्य मारिओ बियाजी यांच्या दुरुस्तीमुळे शहरी वाहतुकीच्या कायद्यात कलम १६ आले. वृद्ध आणि अपंग व्यक्तींना सार्वजनिक वाहतूक वापरण्याचा इतरांइतकाच हक्क आहे, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. १९७३ च्या महामार्ग कायद्याने याच कलमाखाली सेवाभावी संस्थांना गाड्यांसाठी अनुदान देण्याची वाट मोकळी केली आणि १९७५ पासून वाटप सुरू झाले. या क्षेत्रातली जुनी माणसे अजूनही ‘सिक्स्टीन-बी-टू’ (कलम १६, उपकलम बी-२) म्हणतात, ती हीच योजना. १९९४ मध्ये तिचा क्रमांक ५३१० झाला.

योजनेचे गणित सोपे होते. किमतीच्या ८० टक्के केंद्र सरकारचे, २० टक्के स्थानिक. समजा लिफ्टची मिनीबस ८०,००० डॉलरला पडली, तर संस्थेने १६,००० उभे करायचे. एका देणगीदाराला किंवा एका जेवणावळीला हे जमण्यासारखे होते. पण अनुदान फक्त वस्तूसाठी होते. ड्रायव्हरचा पगार, विमा, इंधन, फोन घेणारी बाई, लिफ्टची दुरुस्ती हे सगळे ज्याचे त्याने पाहायचे. आपल्याकडे खासदार निधीतून आलेली रुग्णवाहिका ड्रायव्हरअभावी आवारात उभी राहते, ते दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. संस्था मग आपल्या नेहमीच्या खर्चातून अर्धवेळ ड्रायव्हर ठेवत. गाडी नऊ ते दोन चाले आणि तीही मुख्यतः आपल्याच केंद्रात येणाऱ्यांसाठी. त्यामुळे एकाच रस्त्यावरून ज्येष्ठ केंद्राची, दिव्यांगांच्या कार्यशाळेची आणि चर्चची अशा तीन अर्ध्या रिकाम्या गाड्या पाठोपाठ जात, आणि त्याच रस्त्यावर राहणाऱ्या पण तिन्हींपैकी कुठेच नाव नसलेल्या बाईला डॉक्टरकडे जायला काही मिळत नसे. सुरुवातीच्या काळात गाड्या बहुतांशी संस्थेच्या आपल्या लोकांपुरत्याच वापरल्या गेल्या, हे केंद्रीय वाहतूक खात्याच्या परिपत्रकातही नोंदलेले आहे.

दुसरा प्रवाह रस्त्यावरून आला आणि तो या संस्थांना फारसा सोयीचा नव्हता. ५ जुलै १९७८ रोजी डेन्व्हरमध्ये कोलफॅक्स आणि ब्रॉडवे या रस्त्यांच्या चौकात १९ दिव्यांगांनी बस अडवल्या आणि रात्रभर तिथेच मुक्काम ठोकला. वेड ब्लँक या धर्मोपदेशकाबरोबर नर्सिंग होममधून बाहेर पडून स्वतंत्र राहू लागलेली ही मंडळी. बसना लिफ्ट नव्हत्या, एवढीच तक्रार. यातूनच १९८३ मध्ये ‘अ‍ॅडॅप्ट’ ही संघटना झाली. शहरांच्या बस व्यवस्थापनांचे म्हणणे वेगळे होते: प्रत्येक बसला लिफ्ट कशाला, त्यापेक्षा वेगळ्या गाडीची सोय करू. नव्या बसना लिफ्ट सक्तीची करणारा केंद्र सरकारचा १९७९ चा कडक नियम १९८१ मध्ये न्यायालयात टिकला नाही आणि काही वर्षे शहरांना निवड करण्याची मुभा मिळाली. म्हणजे सेवाभावी संस्थेची व्हॅन ही नकळत बस सुगम न करण्याची सबब ठरत होती. हा ताण अजूनही आहे आणि आंदोलकांचा मुद्दा बिनतोड होता. आदल्या दिवशी फोन करून परवानगीच्या सुरात मागायची फेरी आणि थांब्यावर जाऊन पकडायची बस यांची बरोबरी होत नाही.

२६ जुलै १९९० च्या एडीए या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याने दोन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. ऑगस्ट १९९० नंतर मागवलेली प्रत्येक नवी सार्वजनिक बस व्हीलचेअरला चालणारी हवी. शिवाय अपंगत्वामुळे ज्यांना बस वापरताच येत नाही त्यांच्यासाठी पूरक सेवा, म्हणजे ‘पॅराट्रान्झिट’ हवी. तिचे नियम काटेकोर आहेत. बसमार्गाच्या दोन्ही बाजूंना पाऊण मैल, बस चालते त्याच वेळात, भाडे बसच्या दुपटीपेक्षा जास्त नाही, आदल्या दिवशी नोंदवलेली फेरी मिळालीच पाहिजे, कशासाठी जायचे ते विचारायचे नाही, सोबतचा मदतनीस फुकट. अर्जावर २१ दिवसांत निर्णय झाला नाही, तर निर्णय होईपर्यंत सेवा द्यायची.

मेख पाऊण मैलात आहे. जिथे बसच नाही तिथे पूरक सेवाही नाही. बसमार्गापासून दोन मैलांवर शेतात राहणारा माणूस, किंवा अपंग नाही पण ऐंशीव्या वर्षी नजर अधू झाल्याने गाडी सोडावी लागलेली बाई, दोघेही कायद्याच्या रेघेबाहेर. आजच्या सेवाभावी वाहतुकीचा मोठा हिस्सा या रेघेबाहेरच्या लोकांचा आहे.

गाडीच्या आत काय चालते ते पाहिल्याशिवाय खर्चाचा अंदाज येत नाही. नियमाप्रमाणे लिफ्ट किमान ६०० पौंड, म्हणजे २७२ किलो, पेलणारी हवी आणि फळी सुमारे ३० इंच रुंद, ४८ इंच लांब. हे माप ज्या काळातल्या व्हीलचेअरवर बेतले, त्यापेक्षा आजच्या विजेच्या मोटारवर चालणाऱ्या खुर्च्या बऱ्याच भारी असतात. त्यात धिप्पाड माणूस बसला की मर्यादा जवळ येते. चढताना प्रवाशाची पाठ गाडीकडे आणि तोंड बाहेर, म्हणजे तोल गेलाच तर तो गाडीच्या बाजूला जातो. लिफ्ट बाहेर असताना गाडी हलू नये म्हणून तिचे नियंत्रण ब्रेक, गिअर किंवा दाराशी जोडलेले असते. थंडीत रस्त्यावर टाकलेले मीठ या दाराच्या छोट्या स्विचमध्ये गेले की लिफ्ट धडधाकट असूनही गाडी जागची हलत नाही. म्हणून शहाणा ड्रायव्हर सकाळी निघण्यापूर्वी लिफ्ट एकदा पूर्ण वरखाली करतो आणि वीज गेल्यास वापरायचा हातपंपाचा दांडा जागेवर आहे ना ते बघतो.

मग पट्टे. खुर्ची चार ठिकाणी बांधायची: दोन पुढे, दोन मागे. हूक खुर्चीच्या वेल्ड केलेल्या सांगाड्याला, साधारण ४५ अंशांच्या कोनात. चाकाला, पाय ठेवायच्या पट्टीला किंवा सुटणाऱ्या हातांना हूक लावला तर जोराच्या ब्रेकला ते सुटून येतात. सर्वांत नेहमीची चूक हीच. खुर्चीचा स्वतःचा ब्रेक लावला म्हणजे झाले, हाही गैरसमज. विजेच्या मोटारची खुर्ची असेल तर ती बंद करायची. खुर्ची बांधून झाली की माणसाला कमरेचा आणि खांद्याचा पट्टा वेगळा. सवयीच्या हातालाही यात काही मिनिटे जातात आणि उतरताना पुन्हा तेवढीच. दोन व्हीलचेअर चढल्या की त्यांच्यासाठी साध्या सीटच्या ओळी दुमडाव्या लागतात, म्हणजे कागदावर बाराची गाडी प्रत्यक्षात सात-आठची होते. चालकासह सोळा आसने झाली की व्यावसायिक परवाना लागतो, त्यामुळे बऱ्याच गाड्या पंधरापाशी थांबतात. साध्या पंधरा आसनी व्हॅन पूर्वी स्वस्त म्हणून घेत. दहा किंवा जास्त माणसे बसली की त्या उलटण्याचा धोका झपाट्याने वाढतो, असा इशारा केंद्रीय सुरक्षा यंत्रणेने २००१ मध्ये दिला.

वेळापत्रक मोडते ते डायलिसिसने. १९७२ च्या कायद्याने मूत्रपिंड निकामी झालेल्यांचा उपचार मेडिकेअरखाली आला, पण मेडिकेअर रुग्णवाहिकेपलीकडच्या नेहमीच्या प्रवासाचे पैसे देत नाही. आठवड्याला तीनदा जायचे-यायचे म्हणजे एका रुग्णाच्या वर्षाला ३१२ फेऱ्या. जाताना वेळ ठरलेली, येताना नाही. सुई काढल्यावर रक्त थांबेना, रक्तदाब उतरला, की दीडची परत फेरी अडीचवर जाते आणि मागच्या तिघांच्या वेळा कोसळतात. जाणते डिस्पॅचर, म्हणजे फोन घेऊन फेऱ्या लावणारे, परतीची फेरी मुद्दाम अर्धा-पाऊण तास पुढे लावतात आणि अशा रुग्णांना घराच्या दाराशी नाही, आत खुर्चीपर्यंत सोडायला सांगतात. एका छोट्या संस्थेकडे असे चार रुग्ण आले की वाचनालय, देऊळ, मैत्रीण या फेऱ्या हळूहळू बंद होतात. त्या नाकारल्याची नोंदही होत नाही, कारण लोक विचारणेच सोडून देतात.

हिशेबाचे त्रांगडे निराळेच. एकाच गाडीत तिघे बसले आहेत. पहिल्या आजींची फेरी ओल्डर अमेरिकन्स अ‍ॅक्टच्या पैशातून. त्यांच्याकडून भाडे मागता येत नाही, फक्त ऐच्छिक देणगी घेता येते आणि ती दिली नाही म्हणून नाकारता येत नाही. दुसरे मेडिकेडचे, त्यांची फेरी उपचारासाठीच हवी आणि पैसे त्या फेरीपुरते. तिसरे शहराच्या पॅराट्रान्झिटचे. त्यांना कुठे चाललात हे विचारायचे नाही. मैल तेच, ड्रायव्हर तोच, वह्या तीन. केंद्रीय लेखा कार्यालयाने २००३ मध्ये मोजले तेव्हा अशा प्रवासाला पैसे देणारे ६२ केंद्रीय कार्यक्रम निघाले. फेब्रुवारी २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी यांचा मेळ घालण्याचा आदेश काढला आणि २००५ च्या कायद्याने गाडीचे अनुदान हवे असेल तर स्थानिक समन्वय आराखड्यात त्याची गरज नोंदलेली असण्याची अट घातली. काही ठिकाणी तीन संस्थांचा एक डिस्पॅचर झाला. बऱ्याच ठिकाणी आराखडा कपाटात गेला. त्याच सुमारास राज्यांना मेडिकेडच्या फेऱ्या दलालामार्फत देण्याची मोकळीक मिळाली. दलाल स्वस्त वाहतूकदार शोधतो, आणि घरात जाऊन कोट चढवून देणारा ड्रायव्हर स्वस्त नसतो.

चालवण्याच्या खर्चाला ५३१० खाली निधी मिळण्याची वाट खऱ्या अर्थाने २०१२ च्या कायद्याने उघडली, तीही निम्म्या खर्चापुरती. किमान ५५ टक्के रक्कम पूर्वीच्याच पद्धतीच्या, म्हणजे मुख्यतः गाड्या घेण्याच्या, कामांसाठी राखीव राहिली. गाडी आणि ड्रायव्हर यांच्यात ३७ वर्षे गेली.

या मधल्या काळात काहींनी गाडीचाच विचार सोडून पाहिला. मेन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये कॅथरीन फ्रॉइंड यांच्या लहान मुलाला १९८८ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या ८४ वर्षांच्या चालकाची धडक बसली, मूल वाचले. म्हाताऱ्यांचे परवाने काढून घ्या, असे त्या म्हणाल्या नाहीत. परवाना सोडल्यावर दुसरा पर्याय नाही म्हणूनच माणूस स्टिअरिंग सोडत नाही, हे त्यांनी ओळखले. १९९५ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या संस्थेत साध्या मोटारी, काही पगारी आणि काही स्वयंसेवक चालक, चोवीस तास सेवा. गाडीत रोख पैसे नाहीत. प्रवाशाचे आगाऊ खाते असते आणि त्यातून वजा होते. वापरात नसलेली आपली मोटार संस्थेला देऊन तिची किंमत खात्यात जमा करता येते. स्वयंसेवकाने चालवलेल्या मैलांचेही श्रेय साठते आणि ते तो आपल्या आईला देऊ शकतो.

स्वयंसेवकांच्या बाबतीत दोन खड्डे कायद्यातच आहेत. १९९७ च्या स्वयंसेवक संरक्षण कायद्यात वाहन चालवताना झालेली हानी वगळलेली आहे, त्यामुळे चालकाच्या स्वतःच्या विम्यावर संस्थेचा जादा विमा घ्यावाच लागतो. दुसरा खड्डा मैलभत्त्याचा. सेवाकार्यासाठी करसवलतीचा दर मैलाला १४ सेंट आहे आणि तो कायद्यातच गोठवलेला असल्याने १९९८ पासून हललेला नाही. धंद्यासाठीचा दर २०२४ मध्ये ६७ सेंट होता. संस्थेने १४ च्या वर भत्ता दिला तर वरची रक्कम चालकाचे उत्पन्न धरली जाऊ शकते, आणि १४ सेंटमध्ये पेट्रोलही भागेलच असे नाही.

कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड काउंटीत १९९३ पासून चालणारी ‘ट्रिप’ ही योजना याही पुढे गेली. तिथे प्रवाशाने चालक स्वतःच शोधायचा: शेजारी, भाचा, पत्त्यांच्या डावातला भिडू. महिन्याच्या मैलांची नोंद पाठवली की भत्ता प्रवाशाच्या नावे येतो आणि तो त्याने चालकाच्या हातावर ठेवायचा. मोबदला देता येतो म्हणून मागायला संकोच वाटत नाही. चालक संस्थेने नेमलेला नसल्याने विम्याचा बोजाही हलका. लिफ्ट नाही, डिस्पॅचर नाही, आवारात उभी मिनीबस नाही. संस्थेच्या वहीत फक्त मैल.