पॅकर, ब्रिज प्लग आणि सेटिंग टूल

तेल किंवा गॅसच्या विहिरीत बाहेरचा पाईप म्हणजे केसिंग आणि आतला, ज्यातून तेल वर येतं तो ट्युबिंग, या दोघांच्या मधे जी गोल पोकळी राहते तिला ॲन्युलस म्हणतात, आणि ती पोकळी खाली एका ठिकाणी बंद करायचं काम पॅकर करतो. ब्रिज प्लग त्याचाच भाऊ, पण त्याला मधून आरपार वाट नसते, त्यामुळे तो अख्खं केसिंगच बंद करतो. हे दोघं खाली नेऊन ठरलेल्या खोलीवर बसवायला जे लागतं ते सेटिंग टूल.

पॅकर कशाला हवा, तर केसिंग सिमेंटने जमिनीत पक्कं झालेलं असतं, ते खराब झालं तर बदलता येत नाही, ट्युबिंग मात्र काढून नवीन टाकता येतं. म्हणून खालचं गरम, कधी कधी हायड्रोजन सल्फाइड किंवा कार्बन डायऑक्साइड असलेलं द्रव आणि त्याचं प्रेशर केसिंगपर्यंत पोचूच द्यायचं नाही. शिवाय एकाच विहिरीत दोन थर असतील तर ते वेगळे ठेवायलाही पॅकरच लागतो.

बाहेरून बघितलं की सगळ्यांचं लक्ष रबराकडे जातं, पण रबर एकटं काहीच धरून ठेवू शकत नाही. साधा हिशोब बघा, 7 इंची केसिंगचा आतला व्यास साधारण 6.18 इंच, म्हणजे क्षेत्रफळ 30 चौरस इंच, त्यावर एका बाजूने 5,000 पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) जास्त असेल तर ब्रिज प्लगवर दीड लाख पौंड म्हणजे 68 टनांच्या आसपास जोर येतो. हा जोर झेलतात ते स्लिप्स. स्लिप म्हणजे दात असलेला पोलादी किंवा बिडाचा तुकडा, त्याच्या खाली शंकू सरकतो आणि पाचर ठोकल्यासारखा स्लिपला बाहेर ढकलतो, दात केसिंगमधे रुततात, आणि मग प्रेशर जितकं वाढेल तितकी पकड उलट वाढतच जाते. रबर वरून खालून दाबलं की फुगून भिंतीला चिकटतं, दोन्ही टोकांच्या बॅकअप रिंग त्याला फटीतून बाहेर पळू देत नाहीत. आणि हा दाब कायम राहावा म्हणून आत लॉक रिंग असते, बारीक दात्यांची, एकाच दिशेने सरकणारी. माझ्या मते सगळ्यात कमी कौतुक होणारा पण सगळ्यात मोलाचा भाग हाच, कारण ती मागे सरकली की रबर सैल पडतं आणि सील गेलं.

बसवायच्या पद्धती बऱ्याच आहेत. मेकॅनिकल पॅकरला ट्युबिंग थोडं फिरवून वजन टाकलं की काम होतं, पण वाकड्या विहिरीत वरचं फिरवणं खालपर्यंत नीट पोचत नाही, तिथे हायड्रॉलिक पॅकर बरा, ट्युबिंगमधे बॉल टाकायचा, तो सीटवर बसला की पंपाने प्रेशर द्यायचं, पिना तुटतात आणि पॅकर सेट होतो. स्वेलेबल पॅकरला तर टूलच लागत नाही, त्याचं रबर तेलात किंवा पाण्यात हळूहळू फुगतं, फक्त त्यात दिवसच्या दिवस जातात.

वायरलाइनचं, म्हणजे केबलवरून खाली सोडलं जाणारं, सेटिंग टूल मात्र जवळून बघण्यासारखं आहे. वरून करंट दिला की इग्नायटर पेटतो, पॉवर चार्ज जळायला लागतो, स्फोट होत नाही, तो सावकाश जळतो आणि गॅस तयार करतो. गॅस टूलमधल्या तेलाला ढकलतो, तेल पिस्टनला, बाहेरची स्लीव्ह खाली सरकते आणि आतला दांडा प्लगला धरून ठेवतो, त्यामुळे प्लग जागच्या जागी चेपला जातो. शेवटी ठरलेल्या ताकदीला शिअर स्टड, म्हणजे मुद्दाम तुटण्यासाठी बनवलेला खिळा, तुटतो, टूल सुटतं, आणि वर केबलच्या टेन्शनमधे तो झटका दिसतो. टूल वर आल्यावर आत गॅस प्रेशरमधे अडकलेला असतो, तो ब्लीड केल्याशिवाय, म्हणजे हळूहळू सोडून दिल्याशिवाय, टूल उघडायला गेलं तर माणूस जीवानिशी जाऊ शकतो, म्हणून ही पायरी कधीच गाळायची नाही.

सेट करण्याआधीची तयारी तितकीच महत्त्वाची. स्क्रेपर फिरवून केसिंगची भिंत साफ करायची, गेज रिंग घालून वाट मोकळी आहे का बघायचं, आणि केसिंगचे जोड ओळखणाऱ्या कॉलर लोकेटरने खोली जुळवायची, कारण दोन पाईपांच्या जोडावर पॅकर बसला तर स्लिप्सना सरळ भिंत मिळत नाही. खाली नेताना घाई केली तर पॅकर मधेच सेट होण्याची भीती असते.

नंतर त्रास देतं ते तापमान. 3,000 मीटर ट्युबिंग सरासरी 50 अंशांनी तापलं तर जवळपास 1.8 मीटर लांबतं, त्यासाठी सरकणारे सील ठेवतात किंवा ट्युबिंगवर येणारा ताण आधीच धरून डिझाइन करतात.

काढायचं झालं तर रिट्रिव्हेबल पॅकर ओढून सोडवता येतो, परमनंट मात्र मिलिंग करूनच, म्हणजे फिरत्या कटरने कातूनच काढावा लागतो. फ्रॅकिंगच्या, म्हणजे प्रचंड दाबाने द्रव सोडून खडकाला भेगा पाडायच्या, आडव्या विहिरींत एकेका विहिरीत डझनावारी प्लग लागतात, म्हणून तिथे लवकर मिल होणारे कंपोझिट प्लग वापरतात, आणि आता मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे प्लगही आलेत, जे खाऱ्या पाण्यात आपोआप विरघळून जातात, फक्त पाणी किती खारट आणि किती गरम आहे ते आधी बघूनच धातू निवडावा लागतो.