पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद हवी आहे? आधी देऊळ सांगा

चर्चच्या जुन्या वह्यांतून बाप्तिस्म्याच्या नोंदी आम्ही शोधून देतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "पणजोबा मुंबईचे. बिशप हाऊसला लिहिलं होतं, काही सापडलं नाही." आम्ही लगेच विचारतो, कुठल्या देवळातले, म्हणजे कुठल्या चर्चचे? इथे काम अडतं. देवळाचं नाव नसेल तर आमचे दिवस आणि तुमचे पैसे उगाच खर्ची पडतात.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत कॅथलिकांवर दोन सत्ता होत्या. एक पोर्तुगालच्या राजाच्या हक्कातली, गोव्याच्या आर्चबिशपांच्या हाताखालची, म्हणजे पाद्रोआदो. दुसरी थेट रोमची, प्रोपगांडा. 1794 मध्ये इंग्रज सरकारने देवळं दोघांत वाटून दिली, तरी भांडण मिटलं नाही. 1853 मध्ये माहीमचं देऊळ पाद्रोआदोकडे जाऊ नये म्हणून प्रोपगांडाचे बिशप हार्टमन स्वतः आत ठाण मांडून बसले होते. 1886 मध्ये मुंबईला आर्चबिशप मिळाले आणि पाद्रोआदोच्या, म्हणजे मुंबईतल्याही, देवळांसाठी दमणचा वेगळा धर्मप्रांत (बिशपांच्या अखत्यारीतला भाग) झाला. पण दमणचे बिशप राहायचे मुंबईतच! त्यामुळे घरच्या जुन्या कागदावर 'दमण' दिसलं म्हणून दमणला पत्र पाठवू नका. ते घराणं कदाचित वांद्र्याचंच असेल.

वांद्र्याचंच उदाहरण घ्या. हिल रोडवर सेंट अँड्र्यू पाद्रोआदोचं, त्याच रस्त्यावरचं सेंट पीटर प्रोपगांडाचं. एकाच घरातल्या एका भावाची नोंद इकडे आणि दुसऱ्याची तिकडे असू शकते. 1928 मध्ये ही दुहेरी व्यवस्था संपली आणि मुंबईतली दोन्हीकडची देवळं एका महाधर्मप्रांतात, म्हणजे आर्चबिशपांच्या हाताखाली आली. तरीही बाप्तिस्म्याच्या मूळ वह्या ज्या त्या धर्मग्रामातच (पॅरिशमध्येच) शोधाव्या लागतात. वसईकरांना हा घोळ कमी, कारण तिकडची जुनी देवळं पाद्रोआदोचीच. मात्र 1998 पासून वसईचा धर्मप्रांत वेगळा आहे, त्यामुळे तिथल्या कामासाठी मुंबईला अर्ज करू नये.

काही जण विचारतात, नोंद मिळाली नाही तरी शोधाचे पैसे का? कारण वही पानागणिक वाचावी लागते. नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये, शाई कागद खाऊन गेलेली, आणि तुमचा 'जॉन' तिथे 'जुआंव' म्हणून बसलेला. घाईने चाळणारा नेमका तोच सोडून पुढे जातो. आम्ही आईचं नाव आणि धर्ममातापित्यांची (गॉडपेरेंट्सची) नावं जुळवल्याशिवाय नोंद तुमची म्हणून देत नाही. समासातला मजकूरही उतरवून देतो, कारण विसाव्या शतकातल्या नोंदींत पुष्कळदा तिथेच लग्नाचं देऊळ आणि तारीख सापडते. भाषांतर याच शुल्कात येतं. शंका असलेली दोन देवळं एकाच गावातली असतील तर दोन्ही वह्या एकाच शुल्कात पाहतो.

बाप्तिस्म्याचा दाखला आम्ही देत नाही, तो धर्मग्रामाच्या फादरांकडूनच मिळतो. अर्ज लिहून देणं आणि पाठपुरावा करणं आमच्याकडे.

देवळाचं नाव घरात कुणालाच आठवत नसेल तर आजीआजोबांच्या लग्नाचा दाखला, थडग्याचा फोटो किंवा जुन्या प्रार्थनापुस्तकाचं पहिलं पान पाठवा. आम्ही त्यावरून देऊळ शोधून देतो. ही पहिली तपासणी विनामूल्य आहे.