दादांच्या कॅसेटवरचा तपकिरी लेप

गेल्या एप्रिलमध्ये साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घराचे पत्रे बदलायचे होते. माळ्यावरचं सामान खाली काढताना चादरींच्या एका गाठोड्यात एक कॅसेट सापडली. सी-६०, डबी पिवळी पडलेली, आणि लेबलवर काकांच्या अक्षरात लिहिलेलं : ‘दादा, मागावर, १९८९’. दादा म्हणजे माझे आजोबा. त्यांचं सगळं आयुष्य जेकार्डच्या मागावर सोलापुरी चादर विणण्यात गेलं. काकांनी एका दुपारी टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून त्यांना बोलतं केलं होतं, एवढंच मला ठाऊक होतं. दादांना जाऊन आता वीस वर्षं झाली.

ओळखीच्या एकांकडून चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर आणला आणि बटण दाबलं. आवाज आला, पण चादर डोक्यावरून ओढून कुणी आतून बोलावं तसा. ‘सूत’ म्हणाले की ‘ऊत’ ऐकू यायचं. स, श, च ही अक्षरंच नाहीशी झाली होती. बाकीचा आवाज मात्र जागच्या जागी होता. एकच पट्टी, एकच माणूस, मग ठरावीक अक्षरंच कशी गेली? हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना.

कॅसेटचे पाच स्क्रू काढले. आत जिथे पट्टी टेपरेकॉर्डरच्या हेडला, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागाला, टेकते, तिथे तांब्याच्या पातळ पट्टीवर नमद्याचा एक इवलासा तुकडा असतो. पट्टीला मागून हेडवर दाबून धरणं हे त्याचं काम. त्याचा गोंद वाळून तो सुटला होता आणि कोपऱ्यात पडला होता. कापसाचा बोळा पट्टीवरून अलगद फिरवला, तर त्यावर गेरूसारखी तपकिरी पूड आली. ती पूड बघून जीव हलला, कारण दादांचा आवाज त्या पुडीतच आहे.

कॅसेटची पट्टी प्लास्टिकची, पण प्लास्टिकला काही आठवत नाही. सी-६० ची पट्टी सुमारे १८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असते, म्हणजे केसाच्या चौथ्या हिश्शाएवढी. तिचा जेमतेम तिसरा भाग म्हणजे तो लेप. त्यात लोखंडाच्या ऑक्साईडचे सुईसारखे कण असतात, लांबीला अर्धा मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी. खळ जशी सुताचे तंतू धरून ठेवते, तसा एक डिंकासारखा पदार्थ हे कण प्लास्टिकला धरून ठेवतो. प्रत्येक कण म्हणजे एक चिमुकला लोहचुंबक. चुंबकीय ध्वनिमुद्रणाचा इतिहास बघितला, तर बुद्धीचा कस लागला तो याच कामात : चुंबक बारीक कसा करायचा, पातळ कसा पसरायचा आणि वाचणाऱ्याच्या जवळ कसा न्यायचा.

ही कल्पना छापून आली ती सुताच्या रूपातच, आणि सोलापूरकर म्हणून मला याचा फार आनंद होतो. ओबरलिन स्मिथ हे अमेरिकेतले यंत्र-अभियंते. एडिसनच्या प्रयोगशाळेत फोनोग्राफ बघून आल्यावर, सुई घासण्याचा खरखराट टाळायचा तर आवाज चुंबकात साठवावा, असं त्यांच्या मनात आलं. १८८८ साली त्यांनी एका विद्युत-विषयक साप्ताहिकात लेख लिहिला आणि त्यात सुचवलं की कापसाच्या किंवा रेशमाच्या धाग्यात पोलादाची पूड गुंफावी आणि तो धागा विजेच्या वेटोळ्यातून ओढावा. त्यांनी हे यंत्र बाजारात आणलं नाही, पेटंटही घेतलं नाही. पण लवचीक धागा वेगळा आणि त्यात चुंबकाचे सुटे कण वेगळे, ही त्यांची मांडणी पुढे चाळीस वर्षांनी खरी ठरली. मधल्या काळात, १८९८ साली, डेन्मार्कच्या वाल्देमार पोल्सननी सबंध पोलादी तार वापरून यंत्र चालवून दाखवलं. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांनी ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योसेफ याचा आवाज तारेवर घेतला आणि तो आजही ऐकता येतो.

तारेची अडचण रोजची होती. ती पिळते, गुंतते, तुटली तर गाठ मारावी लागते. वाट काढली ती फ्रिट्झ फ्लॉयमर या ड्रेस्डेनमधल्या संशोधकानं. सिगारेटच्या टोकाला सोनेरी पट्टा असायचा, त्यासाठी कागदावर धातूची भुकटी घट्ट बसवण्याचं तंत्र त्यानं साधलं होतं. तेच डोकं वापरून १९२८ साली त्यानं कागदाच्या फितीवर लोखंडी भुकटी चिकटवली. कागद फाटायचा खरा, पण फाटला तर चिकटवता येत होता! पुढे जर्मनीत एका कंपनीनं यंत्र आणि दुसरीनं प्लास्टिकची फीत बनवली आणि १९३५ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ लोकांसमोर आला. फिलिप्सनं १९६३ साली या फितीची लहानशी डबी केली. तीच आपली कॅसेट.

आवाज लेपात जातो तो असा. रेकॉर्डिंगचं हेड म्हणजे एक छोटी लोखंडी कडी, तिच्यावर तारेचे वेढे आणि तिला एके ठिकाणी एखाद-दोन मायक्रॉनची चीर. माइकमधून आलेला प्रवाह वेढ्यांतून गेला की कडी चुंबक होते आणि त्या चिरेपाशी चुंबकत्व बाहेर उसळतं. पट्टी तिथून जाताना कण त्या क्षणीच्या दिशेला वळतात आणि तसेच राहतात. ऐकताना उलट घडतं : वळलेले कण चिरेसमोरून सरकले की वेढ्यांत बारीकसा प्रवाह उमटतो.

यात एक मेख आहे. हे कण हट्टी असतात. हळू ढकललं तर हलतच नाहीत, त्यामुळे आवाजातले नाजूक चढउतार मुद्रित व्हायचे नाहीत आणि सगळं खरखरीत यायचं. १९४० साली जर्मनीत वॉल्टर वेबर यांना बिघडलेल्या अॅम्प्लिफायरमुळे उत्तर मिळालं. तो आपणहून कानाला ऐकू न येणाऱ्या वरच्या कंप्रतेवर थरथरत होता आणि ती थरथर आवाजात मिसळली की मुद्रण एकदम स्वच्छ यायचं. सुपात दाटून बसलेलं धान्य नुसतं तिरकं केल्यानं सरकत नाही. सूप हलवत राहिलं की हवं तिकडे निघतं. कणांचंही तसंच झालं.

आता दादांचा ‘स’ कुठे गेला ते सांगता येईल. कॅसेटची पट्टी सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगानं सरकते. माणसाच्या आवाजातला ३०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ३०० कंपनांचा, भारदस्त स्वर घेतला, तर त्याची एक लाट पट्टीवर सुमारे १६० मायक्रॉन जागा घेते. ‘स’ चा सीत्कार ५,००० हर्ट्झच्या आसपास आणि वर असतो; त्याची लाट दहा मायक्रॉनच्याही आत बसते. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतल्या वॉलेस यांनी १९५१ साली एक नियम मांडला : हेड आणि पट्टी यांच्यातली फट लाटेच्या लांबीइतकी झाली, की मिळणारा संकेत ५५ डेसिबलनं पडतो, म्हणजे पाचशेहून अधिक पटींनी कमी होतो. नमद्याचा तुकडा सुटून समजा दहा मायक्रॉनची फट पडली, तर भारदस्त स्वर दोन तृतीयांश उरतो आणि ‘स’ पार संपतो. ती अक्षरं पट्टीवर शाबूत होती, फक्त वाचणारा दूर गेला होता.

वॉलेसचा हा नियम मला या विषयाची किल्ली वाटतो. संगणकाच्या हार्ड डिस्कचा सगळा प्रवास त्यातून उलगडतो. माहिती दाटीनं लिहायची तर लाट छोटी हवी. लाट छोटी तर हेड जवळ हवं. हेड जवळ हवं तर लेप आरशासारखा गुळगुळीत आणि पातळ हवा.

पहिली हार्ड डिस्क १९५६ ची, आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होसे इथली. नाव रॅमॅक. ६१ सेंटिमीटर व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि साठवण पन्नास लाख अक्षरांची. तबकड्यांना लेप कसा देत, तर लोखंडी ऑक्साईडचा रंग रेशमी मोज्यातून गाळून कागदी कपातून फिरत्या तबकडीच्या मध्यावर ओतत. तो आपोआप कडेपर्यंत पसरे. हेड तबकडीपासून सुमारे २० मायक्रॉनवर, हवेच्या झोतावर तरंगत असे. पण रंग किती गाळणार? डिंकात कण आहेत तोवर थोडा खडबडीतपणा राहणारच, आणि डिंकानं अडवलेली जागा फुकट जाणार.

म्हणून १९८० च्या दशकात डिंक काढूनच टाकला. दिव्यावर वाटी धरून काजळ धरतात ना, तसं काहीसं करून धातूचाच थर बसवायचा. निर्वात पेटीत थोडा आर्गॉन वायू सोडतात, विजेनं त्याचे अणू भारित करून कोबाल्टच्या मिश्रधातूवर आदळवतात; तिथून उडालेले अणू समोरच्या तबकडीवर येऊन बसतात. आजच्या डिस्कवरचा हा चुंबकीय थर वीसएक नॅनोमीटरचा असतो; नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग. दादांच्या कॅसेटवरचा लेप त्याच्या अडीचशे पट जाड. त्यावर हिऱ्यासारख्या कडक कार्बनचं काही नॅनोमीटरचं कवच आणि वर वंगणाचा जेमतेम एका रेणूचा हात. हेड आता थोड्याच नॅनोमीटरवरून उडतं. रॅमॅकच्या एका चौरस इंचात दोन हजार बिट मावायचे, आज लाख कोटींहून जास्त मावतात. म्हणजे पन्नास कोटी पट.

वाचणारं हेडही असल्याच थरांनी बदललं. लोखंड आणि क्रोमियमचे नॅनोमीटरभर जाडीचे थर एकावर एक रचले, तर बारीकशा चुंबकत्वानंही त्यांचा विद्युतरोध ठळकपणे बदलतो, हे अल्बेर फेर्त आणि पेटर ग्रुनबर्ग यांना १९८८ मध्ये स्वतंत्रपणे दिसलं. १९९७ साली ते हार्ड डिस्कमध्ये आलं आणि २००७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. प्रयोगशाळेतून घराघरात इतक्या लवकर पोचलेलं भौतिकशास्त्र क्वचितच सापडेल.

मग कणांना उभं करण्याची पाळी आली. तोवर डिस्कवरचे चुंबक आडवे, निजल्यासारखे लिहिले जायचे. जपानच्या तोहोकु विद्यापीठातले शुनइची इवासाकी १९७० च्या दशकापासून सांगत होते, की ते उभे लिहा. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांचे मानाचे सात नंदीध्वज खांद्यावर उभे चालतात, म्हणूनच त्या गर्दीतून निघतात. आडवे केले तर अख्खा रस्ता अडेल. इवासाकींचं म्हणणं तेच होतं, पण बाजारात यायला २००५ साल उजाडलं.

खरी भिंत त्यापुढे लागली, आणि ती उष्णतेची. कुठल्याही तापमानाला अणू थरथरतच असतात. कण मोठा असेल तर या थरथरीला दाद देत नाही. काही नॅनोमीटरचा झाला की नुसत्या खोलीच्या उबेनं त्याचं चुंबकत्व उलटतं आणि लिहिलेलं पुसतं. मग लोखंड-प्लॅटिनमसारखा फार हट्टी पदार्थ घ्यावा, तर लिहिणारं हेडच त्याला वळवू शकत नाही. सध्याची तोड अशी : लिहिण्याच्या क्षणी लेझरनं तेवढाच ठिपका चारशे अंशांच्या वर तापवायचा, कण मऊ पडला की वळवायचा, आणि एखाद-दोन नॅनोसेकंदांत निवू द्यायचा. अशा ३० टेराबाइटच्या डिस्क २०२४ पासून येऊ लागल्या आहेत.

फितीही संपलेल्या नाहीत. मोठ्या डेटा सेंटरांत जुनी माहिती आजही फितीवर ठेवतात. एलटीओ-९ जातीच्या एका काडतुसात एक किलोमीटरहून लांब, बेरियम फेराइटचा लेप दिलेली फीत असते आणि ती १८ टेराबाइट सांभाळते. कपाटात ठेवली की वीज लागत नाही, हा तिचा मोठा गुण.

कॅसेटचं काम मी घरीच केलं. नव्या कोऱ्या कॅसेटचे स्क्रू काढले, तिच्यातली फीत बाजूला केली आणि दादांची दोन्ही चक्रं अलगद उचलून तिच्यात बसवली. हेड अल्कोहोलनं पुसलं, आणि एकदाच लावून संगणकात उतरवून घेतली. तीस मिनिटांची एक बाजू जवळजवळ १६० मेगाबाइट झाली. रॅमॅकवर तिचं एक मिनिटही मावलं नसतं. ‘स’ परत आला. दादा जेकार्डच्या पुठ्ठ्यांबद्दल सांगत होते : भोक असलं की ताण्याचा धागा वर जातो, नसलं की खाली राहतो, आणि अशा शेकडो पुठ्ठ्यांतून चादरीवरचा मोर उतरतो. मागे धोट्याची खटखट चालू होती. संगणकाची शून्य आणि एकाची भाषा आमच्या घरात दोन पिढ्या बोलली जात होती, आणि मला ते पत्र्याखालून निघालेल्या फितीनं सांगितलं.

एक गोष्ट हेडफोन लावल्यावरच कळली. खटखट थांबते, काही क्षण शांतता असते, आणि मग दादा मला हाक मारतात. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. पण त्या हाकेच्या दोन-अडीच सेकंद आधी, त्या शांततेत, तीच हाक अगदी पुसट ऐकू येते. गुंडाळलेल्या फितीत हाक असलेला वेढा शेजारच्या वेढ्याला चिकटून असतो आणि एका वेढ्याची लांबी म्हणजे तेवढेच सेकंद. लेपातले जे कण सगळ्यांत बारीक, ते उष्णतेनं डळमळले आणि शेजारच्या हाकेकडे वळून बसले. माळ्यावरच्या पत्र्याखाली पस्तीस उन्हाळे गेले, त्यात कित्येकदा पारा ४३-४४ अंशांवर. संगणकात ती पुसट हाक काढून टाकता येते. मी ती ठेवली आहे.