ताशी उत्पादन : खरी गोम छेदात

देशाची श्रम-उत्पादकता काढायचं सूत्र शाळकरी पोरालाही जमेल. वर्षभरातलं एकूण मूल्यवर्धन भागिले त्यासाठी राबलेले एकूण तास. घोळ होतो तो हे दोन आकडे गोळा करताना, आणि अंशापेक्षा छेद जास्त छळतो.

आधी अंश. तासगावकडच्या एका बेदाणा शेडचा हिशेब मांडू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो. टनभर बेदाण्याला ४ टन द्राक्षं, ३० रुपये किलोने १,२०,००० रुपये. डिपिंग ऑइल, गंधक, बॉक्स, वीज मिळून १५,०००. सौद्यात १८० रुपये दर मिळाला, तर हातात आले १,८०,०००. पण ही सगळी रक्कम शेडच्या नावावर टाकायची नाही, कारण द्राक्षांची किंमत बागायतदाराच्या खात्यात आधीच मोजून झाली आहे. खर्ची पडलेला माल वजा जाता उरतात ४५,०००, हेच शेडचं मूल्यवर्धन. घड बुडवणं, रॅकवर टाकणं, झाडणं, निवडणं यात सगळ्यांचे मिळून ३०० तास गेले असतील, तर ताशी १५० रुपये.

पुढच्या हंगामात सौदा २२५ ला निघाला, बाकी सगळं तेच राहिलं. मूल्यवर्धन ९०,०००, ताशी ३००! उत्पादकता दुप्पट झाली म्हणायची का? हात तर तेवढ्याच वेगाने चालले. म्हणून दोन वर्षांची तुलना स्थिर किमतींवर, म्हणजे दोन्हींना एकाच वर्षाचे भाव धरून करतात. त्यातही तयार माल आणि कच्चा माल यांच्या किमतींतला बदल वेगवेगळा काढून टाकावा लागतो. एकच किंमत-निर्देशांक दोन्हींना लावला आणि नेमकी द्राक्षंच स्वस्त झाली, तर ती स्वस्ताई कागदावर ‘वाढ’ म्हणून उमटते.

आता छेद. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची श्रमबल पाहणी (पीएलएफएस) २०१७ मध्ये सुरू झाली. मागच्या सात दिवसांत रोज किती तास काम केलं, हे तीत विचारतात. महिनाभर पगारावर असलेल्याची रजा, आजारपण, सण वजा झाले पाहिजेत आणि ओव्हरटाइम मिळवला पाहिजे. उत्तरं बहुधा ‘आठ तास’ अशी गोळाबेरजेची येतात, हा एक दोष. हंगाम हा त्याहून मोठा. साखर कारखान्यांचं गाळप चालू असतानाचा आठवडा धरून ५२ ने गुणलं, तर वाळवा-कराडच्या ऊसपट्ट्यातले तास भलतेच फुगतील. म्हणून पाहणी वर्षभर पसरावी लागते.

ऊसतोडीत तर तास कुठे लिहिलेच जात नाहीत. मजुरी टनावर ठरते आणि मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ असतो. वही प्रमाण मानली, तर बाईचे सगळे तास गायब होतात आणि ताशी उत्पादन आयतंच दुप्पट दिसतं. कारखान्याच्या गाडीतळावर नंबर लागेपर्यंत बैलगाडीवाला ताटकळतो, तो वेळ कामाचाच धरायचा. कामाचे तास कसे मोजायचे यावरच्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय ठरावानुसार कामातला खोळंबा आणि छोटी विश्रांती तासांत येते, जेवणाची मोठी सुट्टी आणि घर ते कामाची ये-जा येत नाही. कोपीवरचा, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीतला घरचा स्वयंपाक मात्र अंशातही नाही आणि छेदातही नाही.

एवढी कटकट नको म्हणून अनेक जण सरळ डोकी मोजतात. मला हा शॉर्टकट पटत नाही. २०२३-२४ मध्ये देशातले सुमारे ४६ टक्के कामकरी शेतीत होते आणि मूल्यवर्धनात शेतीचा वाटा होता १८ टक्क्यांच्या आसपास. डोक्यामागे दरी प्रचंड दिसते. पण शेतातल्या पुष्कळांना वर्षभर पुरेसं कामच नसतं. तासांवर मोजलं की ती दरी कमी होते, मिटत नाही.

देशादेशांत तुलना करताना बाजारातला डॉलरचा भावही चालत नाही. २०१७ मध्ये डॉलर सुमारे ६५ रुपयांना होता, पण क्रयशक्तीच्या, म्हणजे त्या पैशात इथे प्रत्यक्ष किती माल येतो याच्या हिशेबाने तो २०.६५ रुपयांइतकाच भरला. कोणता दर घेतला यावर भारताचा आकडा तिपटीने हलतो.

शिवाय ताशी आकडा फक्त हातांचा नसतो. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आणि चालवणारी माणसं मोजकी, तेव्हा तिथला भागाकार डोळे दिपवणारच. त्यात धरण, बोगदे आणि टर्बाइन बोलतात. गंमत म्हणजे धरण साताऱ्यात आणि वीज मुख्यतः घाटाखाली, रत्नागिरी जिल्ह्यात तयार होते, त्यामुळे जिल्हावार मोजताना मूल्य कुणाच्या नावावर घालायचं हा प्रश्न उरतोच. आयर्लंडला हेच देशपातळीवर भोवलं. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखी मालमत्ता तिकडे हलवली आणि २०१५ मध्ये तिथलं सकल उत्पादन एका वर्षात सुमारे २५ टक्क्यांनी उडालं. शेवटी त्यांच्या सांख्यिकी खात्याला असा हिशेबी फुगवटा वगळून राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा आकडा काढावा लागला.