वारा आधी उचलतो, मग आपटतो : विंड शिअरची पार्श्वभूमी

थोड्याशा अंतरात वाऱ्याचा वेग किंवा दिशा झपाट्याने बदलणं म्हणजे विंड शिअर. 24 जून 1975, न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ. 22-लेफ्ट धावपट्टीच्या ॲप्रोचवर, म्हणजे उतरण्याच्या वाटेवर, वादळी ढग आलेला. नुकत्याच उतरलेल्या डीसी-8 मालवाहू विमानाच्या वैमानिकाने टॉवरला बजावलं, खाली वारा भयंकर पलटतोय, धावपट्टी बदला. टॉवरच्या वातमापकावर मात्र वारा साधाच दिसत होता. धावपट्टी तीच राहिली. मागून आलेल्या एका विमानाने ॲप्रोच सोडून दिला. काही मिनिटांनी आलेलं ईस्टर्न एअरलाइन्सचं उड्डाण 66, बोइंग 727, धावपट्टीच्या तोंडापासून 2400 फूट अलीकडे दिव्यांच्या खांबांवर आदळलं. 113 जण गेले.

शिकागो विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी या अपघाताची नोंदन्‌नोंद तपासली. 1974 च्या टोर्नेडोंनंतर विमानातून पाहणी करताना त्यांना एकाच बिंदूपासून चहूकडे आडवी झालेली झाडं दिसली होती. नागासाकीत बाँबनंतर पाहिलेली तीच खूण. ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून नळाच्या धारेसारखी चौफेर फाकते, असं त्यांनी मांडलं. चार किलोमीटरच्या आतला असा झोत म्हणजे मायक्रोबर्स्ट. जमिनीजवळ येईतो झोत विरतो, असं म्हणत अनेक हवामानतज्ज्ञांनी शंका घेतली. 1978 मध्ये शिकागोजवळ आणि 1982 मध्ये डेन्व्हरला वाऱ्याची चाल मोजणारं डॉप्लर रडार लावून मोजणी झाली, तेव्हा शंका मिटली.

वैमानिकाला फसवतो तो पहिला टप्पा. 140 नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) उतरताना समोरून अचानक 20 नॉट वाढले की वेग 160 दिसतो, विमान ग्लाइड पाथच्या, म्हणजे उतरण्याच्या ठरलेल्या तिरक्या रेषेच्या, वर जातं. हात आपोआप थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा जोर, कमी करतो, नाक खाली जातं. लगेच वरून झोत दाबतो आणि पलीकडे वारा पाठीमागून लागतो. वेग कोसळतो, आणि आयडलवर, म्हणजे किमान जोरावर, गेलेल्या इंजिनांना पूर्ण ताकद द्यायला कित्येक सेकंद लागतात. 2 ऑगस्ट 1985 ला डॅलसला डेल्टा एअरलाइन्सच्या उड्डाण 191 मध्ये समोरचा सुमारे 26 नॉटचा वारा काही सेकंदांत मागचा 46 नॉट झाला. 137 मृत्यू. वातमापकांची इशारा यंत्रणा तिथे होती, पण झोत विमानतळाच्या हद्दीबाहेर उत्तरेला पडला होता.

त्यानंतर 1987 च्या अमेरिकन प्रशिक्षण संचाने जुनी सवय मोडली. वेग गेला की नाक खाली, ही ती सवय; जमिनीजवळ ती जीवघेणी. आता बोइंगवर थ्रस्ट पूर्ण, नाक वर 15 अंशांकडे आणि स्टिक शेकर (पंखांची उचल सुटत आल्याचा इशारा म्हणून हातातला दांडा हलवणारी यंत्रणा) हलू लागला की तिथेच मर्यादा. वेग खर्चून उंची राखायची. चाकं आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) आहेत तसेच ठेवायचे. चाकं उचलताना दारं उघडली की हवेचा अडथळा वाढतो. दुसरा वैमानिक रेडिओ उंची (रेडिओ लहरींनी मोजलेली जमिनीपासूनची उंची) मोठ्याने सांगत राहतो.

विमान नुसतं हादरतंय की शिअरमध्ये शिरलंय, हे ओळखायला आकडे ठरले : वेगात 15 नॉट, चढ-उताराच्या दरात मिनिटाला 500 फूट, नाकात 5 अंश किंवा ग्लाइड पाथ दाखवणाऱ्या उपकरणावर एक डॉट (खुणेचा ठिपका) असा अनपेक्षित फरक.

नासाने 1991-92 मध्ये ऑरलँडो आणि डेन्व्हरला बोइंग 737 मुद्दाम मायक्रोबर्स्टमधून नेऊन पुढचं पाहणारं रडार पारखलं. ते पावसाच्या थेंबांची चाल मोजतं, त्यामुळे डेन्व्हरसारख्या कोरड्या हवेत त्याला कमी दिसतं. म्हणून आपल्या आधी उतरलेल्या वैमानिकाचा निरोप आजही मोलाचा, आणि तो मोघम नको : ‘300 फुटांवर 20 नॉट गेले’, असा.